भजनी मंडळानं भागियांच्या हिशोबात पडावं का?

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. वडोदऱ्यात दांडिया बझारकडे आमचं छोटंसं भजनी मंडळ आहे, बहुतेक रिटायर्ड लोक आणि थोडी तरुण पोरं. एकादशीला भजन, आषाढीला छोटी दिंडी आणि थंडीत करजण-शिनोरच्या बाजूला शेतांवर राहणाऱ्या मजुरांना ब्लँकेट, पोरांना स्वेटर, असं बरीच वर्षं चाललंय. ही माणसं छोटा उदेपूर, दाहोद आणि पलीकडे झाबुआ-अलीराजपूरकडची, शेताच्या कडेला प्लास्टिकचं छप्पर टाकून राहतात. सगळे रोजंदारीवर नसतात, बरेच जण भागिया असतात, म्हणजे कपाशी लावण्यापासून वेचण्यापर्यंत सगळं घरादारानं करायचं आणि पिकातला कुठे चौथा कुठे पाचवा भाग घ्यायचा. मधल्या महिन्यांत शेठकडून लागेल तसा उपाड (म्हणजे उचल) घ्यायचा, तो शेवटी भागातून वळता होतो.

तर यंदा वाटप चालू असताना एका बाईनं आमच्या एका काकूंच्या हातात शेठच्या हिशोबाची चोपडी ठेवली आणि म्हणाली, ब्लँकेट राहू दे, आधी हे वाच. काकू तिथेच बांधावर बसल्या. तेल, मीठ, लोट (पीठ), मोबाईलचं रिचार्ज, मधेच नुसतं 'जुनं बाकी' आणि पुढे आकडा, तारीख नाही. बाळंतपणाला जीप केली होती तिचं भाडं एकदा आषाढात लागलेलं आणि परत श्रावणात. ती म्हणे माझं बाळंतपण एकदाच झालं. नवऱ्याला लिहिता येत नाही पण तो उपाड घेतला की त्याच दिवशी मोबाईलमध्ये स्वतःच्या आवाजात बोलून ठेवतो, किती घेतले, कशासाठी घेतले. ते सगळं ऐकवलं त्यानं, आणि चोपडीशी जुळत नव्हतं.

आता मंडळात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात दर एकादशीनंतरच्या रविवारी जाऊन चोपड्या वाचून द्यायच्या, बस, एवढंच. बाकीचे म्हणतात देवाच्या कामात राजकारण नको. आणि खरी अडचण अशी की भंडाऱ्याला सगळ्यात जास्त देणारे जे गृहस्थ आहेत त्यांचीच त्या बाजूला जमीन आहे (ही चोपडी त्यांच्याकडची नाही, पण भागिये त्यांच्याकडेही आहेत). ते अगदी गोड आवाजात म्हणाले, ब्लँकेटला पाहिजे तेवढे घ्या पण चोपडीत हात घालू नका. कुठल्या देवळानं, मंडळानं असं काही केलंय का? आणि कायद्यानं कुठे अडकू का आम्ही?

वाडीची_लेक

मी मूळची वडोदऱ्याच्या वाडीतली, आता कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला असते, इथे चहूकडे द्राक्षं आणि बदाम. तुमचा किस्सा वाचून हसूच आलं कारण इथे हेच्या हेच झालेलं आहे, फक्त भजनाच्या जागी चर्च.

1920 साली अमेरिकेतल्या चर्चवाल्यांनी मिळून फिरत्या शेतमजुरांसाठी एक काम सुरू केलं, त्यातूनच पुढे इथली कॅलिफोर्निया मायग्रंट मिनिस्ट्री झाली. सुरुवातीची कितीतरी वर्षं तुमच्यासारखंच, कपडे, औषधपाणी, पोरांना गोष्टी-प्रार्थना. कोणाची तक्रार नाही, मळेवालेही खूष. मग 1965च्या सप्टेंबरात इथल्या डेलानो गावात आधी फिलिपिनो मजुरांनी द्राक्षतोडणी बंद केली आणि आठवड्याभरानं मेक्सिकन मजूरही आले, त्यांनी संपाचं ठरवलं ते ग्वादालुपे माउलीच्या (म्हणजे मेक्सिकन लोकांच्या मेरीमातेच्या) चर्चच्या हॉलमध्ये. मिनिस्ट्रीवाल्यांनी तेव्हा ठरवलं की आता कपडे वाटून चालणार नाही, संपकऱ्यांबरोबर उभं राहायचं. झालं! मळेवाले त्याच चर्चचे, तेच पहिल्या बाकावर बसणारे, तेच वर्गणी देणारे. त्यांनी आरडाओरडा केला, पैसे आटले, गावातल्या बऱ्याच पाद्र्यांनी मान खाली घातली. म्हणजे तुमचे गोड आवाजाचे गृहस्थ काही जगावेगळे नाहीत हो.

पुढच्या वर्षी डेलानोपासून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत पायी मोर्चा निघाला, पुढे माउलीचा झेंडा, ईस्टरच्या रविवारी पोचले. वारीच म्हणा ना. लोक मोर्च्याचे फोटो बघतात पण मला विचाराल तर जास्त कामाचं झालं ते 1969 नंतर, कॅथलिक बिशपांनी एक कमिटी नेमली आणि ती मळेवाले आणि युनियन दोघांमध्ये बसली, आणि 1970च्या जुलैत डेलानोच्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. दोघंही ज्यांच्यासमोर खोटं बोलायला कचरतात अशी माणसं मध्ये बसली होती, म्हणून ते झालं. मंडळाकडे हीच एक गोष्ट आहे जी वकिलाकडे नाही.

पादऱ्याचा_शेतकरी

सगळे शहरात बसून लिहिताय म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग नको. माझी पादऱ्याला जमीन आहे, आजोबांपासूनची, भागिये ठेवतो. गुलाबी बोंडअळीनं कपाशी गेली तर भागियाचा भाग गेला हे खरं, पण माझं बियाणं-खत-औषध पण गेलं आणि दिलेला उपाड तर गेलाच गेला. होळीला घरी जातो म्हणून जातात आणि परत येत नाहीत, दुसऱ्या शेठकडून जास्त उपाड घेऊन तिकडे लागतात. ते कोण लिहितं? आणि अचानक टाळ घेतलेले दहाजण शेतावर येऊन चोपडी दाखवा म्हणाले तर मी तरी काय समजायचं? दोनदा भाडं लावणं चूक आहे, त्यात वाद नाही. पण मंडळ इन्स्पेक्टर झालं तर शेतकरी पुढच्या वर्षी ब्लँकेटवाल्यांनाही बांधावर उभं करणार नाहीत, नुकसान त्या गरिबांचंच.

कोर्टाची_पायरी

मजूर अदालतीत बरीच वर्षं काळा कोट घातलाय, त्यामुळे कायद्याचं मी बोलते.

पहिलं, कोणी स्वतःची चोपडी स्वतःहून वाचायला दिली तर ती वाचण्यात कसलाही गुन्हा नाही. मंडळानं शेतावर बोलवल्याशिवाय जाऊ नये, देवळाच्या ओट्यावर किंवा बाजाराच्या दिवशी गावात बसावं, म्हणजे पादऱ्याच्या दादांची शंकाही मिटते.

दुसरं, खरी मेख भागिया ह्या प्रकारातच आहे. मजूर म्हटलं तर किमान वेतन द्यावं लागतं, म्हणून म्हणायचं हा मजूर नाही, भागीदार आहे. आणि भागीदार म्हटलं तर हिशोब बघायचा हक्क येतो, तेव्हा म्हणायचं अरे तू तर मजूर. इकडूनही नाही आणि तिकडूनही नाही. (ताईंच्या अमेरिकेतही 1935च्या कामगार कायद्यातून शेतमजूर वगळलेलेच होते, कॅलिफोर्नियाला स्वतःचा शेतमजूर कायदा करायला 1975 उजाडलं.) आपल्याकडे सुप्रीम कोर्टानं 1982 साली, दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये, स्पष्ट सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम 23 खालची वेठ. आणि उपाड फिटेपर्यंत जाऊ देणार नाही असं कोणी म्हणालं तर तिथे 1976चा वेठबिगारीचा कायदा येतो, ती तक्रार कलेक्टर किंवा मामलतदाराकडे, पोलीस स्टेशनात हेलपाटे मारत बसू नका.

तिसरं, वकिलाचा खर्च. आदिवासी असेल किंवा बाई असेल तर उत्पन्न कितीही असो, जिल्हा कानूनी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, 1987च्या कायद्यानं. 15100 वर फोन केला तरी चालतो. हे भल्याभल्यांना माहीत नसतं.

आणि रेशन! झाबुआचं कार्ड असलं तरी वन नेशन वन रेशन कार्डमुळे इथल्या दुकानात धान्य मिळायला पाहिजे, माणशी महिन्याला 5 किलो. दुकानदार अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवतो, तिथे मंडळातला एक पांढऱ्या केसांचा काका नुसता शेजारी उभा राहिला की मशीन बरोबर चालतं, अनुभव आहे. धान्य मिळालं की उपाड आपोआप कमी होतो, चोपडीला हात न लावता.

टाळ_आणि_टोपी

'देवाच्या कामात राजकारण नको' म्हणणाऱ्यांना एकच विचारा, साने गुरुजी 1947च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले होते ते देवाचं काम होतं की राजकारण? विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडा एवढंच मागणं होतं. तेव्हाही हेच म्हणणारे होते.

आणि आपल्या गावाचं तर काय सांगायचं. 1917 साली आंबेडकर इथे सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले, कोलंबियात शिकून आलेला माणूस, आणि ह्या शहरानं त्यांना राहायला एक खोली दिली नाही, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन बाहेर काढलं. शेताच्या कडेला प्लास्टिकखाली राहणाऱ्यांचा विषय ह्या गावात 'आमच्या मंडळाचा नाही' म्हणून झटकता येत नाही, एवढं माझं मत.

बाकी, हे नवीन काही नाही. आपल्याच बाजूला रंगपूरला, कवांट तालुक्यात, हरिवल्लभ परीख 1949 पासून आनंद निकेतन आश्रमात लोक अदालत भरवायचे, आदिवासींची भांडणं झाडाखाली बसून सगळ्यांसमोर मिटवायची. गांधींचा माणूस, प्रार्थनाही व्हायची आणि निवाडाही.

सुरसागरकाठ

सगळ्यांचे आभार. कोर्टाच्या ताईंचं रेशनचं डोक्यातच आलं नव्हतं, ते लगेच करता येईल आणि त्याला आमचे गोड गृहस्थही नाही म्हणू शकणार नाहीत. पण मला वाटतं चोपडीही सोडायला नको. ओट्यावर बसायचं पटलं. फक्त प्रश्न असा की त्यांची वर्गणी बंद झाली तर भंडारा निम्म्यावर येईल, आणि मंडळातल्या काकू म्हणतात येऊ दे, बुंदीच्या जागी शिरा करू.

वाडीची_लेक

काकूंना माझा नमस्कार सांगा. आणि एक सुचवते, वाचून दाखवण्याबरोबर कोरी चोपडी पण द्या, दोन सारख्या. उपाड दिला की दोन्हीत लिहायचं, तारीख टाकायची, एक शेठकडे एक त्यांच्याकडे. भांडण झाल्यावर मध्ये पडण्यापेक्षा हे सोपं. त्या दादांचे मोबाईलमधले आवाज मात्र पुसू देऊ नका, दुसऱ्या फोनवर कॉपी करून ठेवा.

पादऱ्याचा_शेतकरी

दोन चोपड्यांना माझी हरकत नाही, मी माझ्याकडे लावतो, बघू कसं जमतं. पण मग उपाड घेऊन न सांगता गेला तर तेही त्याच चोपडीत लिहिणार का तुमचं मंडळ?

कोर्टाची_पायरी

लिहिणार की दादा. त्यासाठीच तर दोन प्रती. पण 'जुनं बाकी' असं नुसतं लिहिलेलं चालणार नाही, तारीख आणि कशाचं ते टाकावं लागेल, तुम्हालाही.