'एन्सेम्बल ड्रामा'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'संमिश्र प्रतिसाद' म्हणजे नक्की कसला?

नौपाडा, ठाणे

'मॅग्नोलिया' (१९९९, दिग्दर्शक पॉल टॉमस अँडरसन) दाखवून नंतर त्यावर बोलायचं ठरलं आहे. सोबत अर्ध्या पानाचं मराठी टिपण द्यायचंय. त्यात दोन गोष्टी याव्यात : हा 'ॲम्बिशस एन्सेम्बल ड्रामा' (एकाच नायकाऐवजी बऱ्याच माणसांभोवती फिरणारा चित्रपट) आहे, आणि प्रेक्षकांचं त्याच्याबद्दल एकमत नाही. पहिल्या मसुद्यात उतरलं ते असं : 'महत्त्वाकांक्षी बहुपात्री नाट्यपट, प्रेक्षकांचा संमिश्र प्रतिसाद.' सुटे शब्द चालतील असे आहेत, वाक्य मात्र मराठी वाटत नाही. नेमकं कुठे अडतंय?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : १८८ मिनिटं, लॉस एंजेलिसचं सॅन फर्नांडो खोरं, साधारण एक दिवसाचा अवधी आणि नऊ-दहा माणसं. मरणाच्या दारातला बाप, त्याच्याशी संबंध तोडलेला मुलगा, टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेतला हुशार पोरगा, एकेकाळी तसाच हुशार असलेला आणि आता कुठलाच नसलेला एक मोठा माणूस, एक पोलीस. शेवटाकडे आभाळातून बेडूक पडतात.

वाशी

आधी 'बहुपात्री' काढा. तो 'एकपात्री'वरून पाडलेला शब्द आहे आणि 'एकपात्री'तलं पात्र म्हणजे व्यक्तिरेखा नव्हे, नट. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग; त्यात ते बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करत. म्हणजे रंगमंचावर किती माणसं उभी आहेत तेच हा शब्द मोजतो. त्या हिशेबाने बहुपात्री चित्रपट म्हणजे एकाहून जास्त नट असलेला चित्रपट. मग कुठला चित्रपट बहुपात्री नाही?

कळवा

'समूहपट' कसा वाटतो? मूकपट, बोलपट, चरित्रपट, युद्धपट, भयपट, अनुबोधपट ही रांग तयारच आहे. ('-पट' लावताना जपून, एवढंच. 'रंगपट' म्हणजे रंगीत चित्रपट नाही, नटांनी रंगायची खोली.)

नेरूळ

'समूह'ला माझी हरकत आहे. समूहगीत, समूहनृत्य : यांत सगळे एकाच वेळी एकच गोष्ट करतात. इथे नेमकं उलटं आहे. प्रत्येकाचं वेगळं चाललेलं असतं आणि त्यातून एक चित्र उभं राहतं. याच चित्रपटात एक प्रसंग आहे : सगळी माणसं आपापल्या खोलीत, आपापल्या गाडीत, एकमेकांना न दिसता एकच गाणं म्हणतात. तो प्रसंग अंगावर येतो, कारण एरवी ही माणसं समूह नाहीत. शीर्षकातच 'समूह' म्हटलंत तर त्या प्रसंगातली हवाच गेली.

नाटकवाल्यांकडे चांगला शब्द पडून आहे : संच. 'मूळ संचात पुन्हा रंगभूमीवर' हे जाहिरातीत वाचतोच आपण. 'संच जमलाय' म्हटलं की एकट्यादुकट्याची वाहवा नाही, सगळ्यांचं एकमेकांशी बसलेलं काम कळतं. तोलामोलाच्या भूमिका सगळ्यांना वाटून दिल्या आहेत आणि कोणी कोणाला झाकत नाही, असं सांगायचं असेल तर 'सांघिक अभिनय'. संघात यष्टिरक्षक वेगळं काम करतो, गोलंदाज वेगळं. समूहात तसं नसतं.

नौपाडा, ठाणे

पण 'संच' हे नटांबद्दल झालं. चित्रपटाच्या घडणीला काय म्हणायचं? 'सांघिक चित्रपट' म्हटलं तर सहकारी संस्थेने काढल्यासारखा वाटतो.

पाचपाखाडी, ठाणे

बातम्यांतले शब्द आधी बाजूला ठेवू, म्हणजे जागा मोकळी होईल. 'कलाकारांची फौज', 'ताफा', 'मांदियाळी'. तिन्ही फक्त डोकी मोजतात. 'मांदियाळी'ची तर दैना झाली आहे. पसायदानात ती ईश्वरनिष्ठांची होती, आता ट्रेलर सोहळ्याला हजर असलेल्या ताऱ्यांची असते. आणि 'मल्टिस्टारर' वेगळाच. तो तिकीटबारीचा शब्द आहे. त्यात पोस्टरवर किती चेहरे हे महत्त्वाचं. कथा एकाचीच असली तरी चालतं.

वाशी

घडणीबद्दल बोलायचं तर आधी दोन जाती वेगळ्या कराव्या लागतील, कारण एक शब्द दोघींना पुरणार नाही.

पहिली जात 'सिंहासन'ची (१९७९, जब्बार पटेल). अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा केली. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, पत्रकार असे बरेच जण आहेत, पण सगळ्यांची नजर एका खुर्चीवर. गोष्ट एक, नायक अनेक. याला 'बहुनायकी' म्हणा, बिनतक्रार चालेल. दिगू टिपणीस हा पत्रकार सगळीकडे फिरतो म्हणून आपल्यालाही सगळीकडे जाता येतं. त्याच्यावाचून तीच माणसं वेगवेगळ्या बातम्या होऊन राहिली असती.

दुसरी जात 'मॅग्नोलिया'ची. इथे गोष्टीच अनेक. त्यांना 'उपकथानकं' म्हणता येत नाही, कारण 'उप' म्हटलं की मुख्य कोणतं ते सांगावं लागतं आणि इथे मुख्य कोणतंच नाही. 'समांतर कथानकं' म्हणावं तर 'समांतर चित्रपट' हा शब्द आपल्याकडे कधीचाच दुसऱ्या अर्थाने (धंदेवाईक चौकटीबाहेरचा चित्रपट) रुळलेला, वाचक भलतंच समजेल. शिवाय समांतर रेषा मिळत नाहीत, या गोष्टी मिळतात.

कळंबोली

'बहुपदरी' का नको? दोरीला पदर असतात, शालूला असतो, अर्थालाही असतात.

वाशी

कळंबोलीहून निघणारा द्रुतगती मार्गही सहापदरी आहे! तिथेच गोची आहे. दोरीचे पदर एकमेकांत पिळलेले असतात. रस्त्याचे पदर शेजारून जातात आणि एकमेकांत घुसले तर अपघात होतो. आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी रस्ताच येतो.

नेरूळ

मग 'पेड' घ्या. वेणीचे पेड. तीन पेडांच्या वेणीत प्रत्येक पेड थोडा वेळ वर दिसतो, मग दुसऱ्याखाली जातो, पुन्हा वर येतो. खाली गेला म्हणून तो संपलेला नसतो. या प्रकारच्या चित्रपटाची चाल हुबेहूब अशी असते. 'बहुपेडी व्यक्तिमत्त्व' असं समीक्षेत लिहितातच, त्यामुळे 'बहुपेडी कथा' वाचून कोणी दचकणार नाही. आणि दोष सांगायलाही हीच प्रतिमा उपयोगी पडते : पेड सुटला, वेणी सैल झाली, एक पेड जाड आणि दोन बारीक झाले, शेवटी गाठच नीट बसली नाही.

कळंबोली

'पेड परीक्षण' मात्र लिहू नका, लोक पैसे कोणी दिले ते विचारतील.

नौपाडा, ठाणे

'बहुपेडी' घेतला. 'ड्रामा'चं काय? 'नाट्यपट' वाचून एखाद्या नाटकाचं चित्रण वाटतं.

पाचपाखाडी, ठाणे

वगळा. बोली मराठीत 'ड्रामा' म्हणजे नाटकीपणा, 'ड्रामा करू नकोस'. पूर्वी जाहिरातीत पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक अशी विभागणी असे. पौराणिक नाही, ऐतिहासिक नाही, तर उरलं ते सामाजिक. त्यात हे सगळं मावत होतं. 'बहुपेडी कौटुंबिक कथा' लिहिलंत तर 'मॅग्नोलिया'पुरतं अचूक आहे. त्यातल्या जवळपास प्रत्येक पेडात बाप आणि मूल आहे.

घोडबंदर रोड, ठाणे

'महत्त्वाकांक्षी'बद्दल. शब्द चुकीचा नाही, पण मराठीत महत्त्वाकांक्षा माणसाला असते, फार तर सरकारच्या प्रकल्पाला. चित्रपटाला लावला की शब्द गुळगुळीत होतो आणि काहीच सांगत नाही. करणाऱ्याने किती मोठं अंगावर घेतलं हे सांगायला आपल्याकडे 'घाट घालणे' आहे, विषय किती मोठा हे सांगायला 'आवाका' आहे, आणि निकाल सांगायला 'पेलणे' व 'झेपणे'. 'मोठा घाट घातला आहे, आवाका मोठा आहे, बराचसा पेलला आहे, शेवटच्या अर्ध्या तासात झेपलेला नाही.' चार गोष्टी वेगवेगळ्या कळल्या. 'महत्त्वाकांक्षी पण असमान' या इंग्रजी छापाच्या शब्दांतून एकही कळत नाही. (शिवधनुष्य मात्र नको. ते वर्तमानपत्रांनी इतक्यांदा उचललंय की आता हलकं झालंय.)

नेरूळ

आता 'संमिश्र'. सगळ्यात जास्त फसवणारा शब्द हाच.

दहा प्रेक्षक धरा. पहिल्या चित्रपटाला दहाहीजणांनी दहापैकी पाच गुण दिले. दुसऱ्याला पाचजणांनी नऊ दिले आणि पाचजणांनी एक. सरासरी दोन्हीकडे पाच. वर्तमानपत्र दोन्हीकडे 'संमिश्र प्रतिसाद' लिहील. पण पहिला चित्रपट यथातथा आहे, त्यावर बाहेर तलावपाळीवर चहा पिताना कोणी चकार शब्द काढणार नाही. दुसऱ्यावर भांडण होईल. दुसऱ्यासाठी 'दोन तट पडले' म्हणा. 'मतमतांतरं' म्हटलं तर दोनाहून अधिक बाजू आल्या. चर्चेनंतरच्या नोंदीला तो शब्द शोभतो. 'दुफळी' टाळा, ती माजते. तिच्यात वैर आहे, गावात किंवा पक्षात ती ठीक. 'दुमत' बहुधा नकारातच येतं : 'अभिनयाबद्दल दुमत नाही.' होकारात वापरून पाहा, 'शेवटाबद्दल दुमत आहे', अर्थ कळतो पण जीभ अडखळते.

पाचपाखाडी, ठाणे

तट पडतात ते बऱ्याचदा चित्रपटामुळे नाही, शब्दांमुळे पडतात, असं माझं ठाम मत आहे. तीन तासांच्या बहुपेडी चित्रपटानंतर 'लांबला' म्हणणारा आणि 'विस्कळीत आहे' म्हणणारा एकाच तटात मोजले जातात. दोघांची तक्रार एक नसते. चर्चेत विचारून घ्यायचे शब्द असे :

'पाल्हाळ' : एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. कसोटी सोपी. एक प्रसंग मनातल्या मनात कापा. पुढचं काहीच बिघडत नसेल तर तो पाल्हाळ.

'विस्कळीत' : प्रसंग सुटेसुटे चांगले, पण एकातून दुसऱ्यात जाण्याचं कारण नाही. इथे कापून भागत नाही, उलट आणखी तुटतं. बहुपेडी कथेत हा दोष येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे एखादा पेड फार वेळ खाली राहणं. तो वर येईपर्यंत ते माणूस कोण होतं हेच प्रेक्षक विसरलेला असतो. हे संकलनात तरी बिघडतं नाहीतर पटकथेत तरी. नटांना दोष देऊन उपयोग नाही.

'पसरट' : हा शब्द लोक शिवीसारखा वापरतात, तो मुळात भांड्याचा आकार आहे. परात पसरट असते कारण तिच्यात पीठ मळायचं असतं. रॉबर्ट ऑल्टमनच्या 'नॅशव्हिल'मध्ये (१९७५) चोवीस प्रमुख व्यक्तिरेखा आणि साधारण १६० मिनिटं. सरळ भागाकार केला तर माणशी सात मिनिटंही येत नाहीत. तिथे प्रत्येकाच्या तळाशी जायची अपेक्षाच नाही, गाव दिसावं एवढीच आहे. 'मॅग्नोलिया'त १८८ भागिले नऊ, म्हणजे जवळपास एकवीस मिनिटं. एवढ्यात एकेक माणूस खोल जाऊ शकतो, म्हणून इथे तक्रार असलीच तर 'पसरट'ची नसावी, 'उथळ'ची असावी. (अर्थात एका प्रसंगात दोघे-तिघे असतात, त्यामुळे खरा वाटा यापेक्षा मोठा. भागाकार अंदाजापुरता.)

'रेंगाळतो' : नुसतं म्हटलं तर निंदा, 'मनात रेंगाळतो' म्हटलं तर स्तुती. घाईत लिहिलेल्या नोंदीत 'मनात' गळतं आणि बिचाऱ्याची गणना विरुद्ध तटात होते.

आणि डोकं. 'डोक्यावरून गेला' म्हणजे कळला नाही. 'डोक्यात गेला' म्हणजे कळला आणि संताप आला. 'डोक्यातून जात नाही' म्हणजे आवडला किंवा छळतोय, पण विसरता येत नाही. विभक्तीने एवढा फरक पडतो, तेव्हा नोंद घेणाऱ्याने प्रत्यय जपून उतरावा.

घोडबंदर रोड, ठाणे

बेडकांसाठी एक शब्द हवा. निम्मे प्रेक्षक तिथेच उठतात, निदान मनाने. 'ओढूनताणून आणलेला शेवट' म्हणतात, ते बरोबर आहे का?

वाशी

'ओढूनताणून' म्हणजे जुळत नसलेल्या गोष्टी बळेच जुळवणं. बेडूक तर काहीच जुळवत नाहीत, वरून पडतात. तक्रार करायची तर 'आगंतुक' म्हणा : न बोलावता आलेला. पण मग दुसरा तट उत्तर देईल की आमंत्रण आधीच गेलं होतं. चित्रपटभर ८ आणि २ हे आकडे पेरलेले आहेत, प्रश्नमंजुषेच्या प्रेक्षकांत एकाच्या हातात तशी पाटीही आहे. बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायाचं दुसरं वचन बेडकांच्या संकटाचंच आहे. शिवाय सुरुवातीलाच निवेदक तीन विलक्षण योगायोग सांगतो. म्हणजे पेरणी आहे. आता पेरलेलं दिसलं नाही तर चूक पेरणाऱ्याची की पाहणाऱ्याची, यावर तट पडू देत. तो खरा मतभेद असेल.

'योगायोग' शब्दही टिपणात जपून वापरा. 'साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा' या ओळीने त्याला 'निव्वळ' कायमचं चिकटलंय. निवेदकाचं म्हणणं नेमकं उलटं आहे, की हे 'निव्वळ' नसावं.

कळवा

'बहुपेडी'पेक्षा मला अजूनही 'बहुनायकी' सोपा वाटतो. पत्रक वाचणाऱ्याला वेणी घालून दाखवायची नाहीये.

नेरूळ

कळवेकर, 'मॅग्नोलिया'तला नायक कोण ते सांगा, मग मान्य.

कळवा

पोलीस?

नेरूळ

त्याचं पिस्तूलच हरवतं हो.

नौपाडा, ठाणे

टिपणाची सुरुवात आता अशी केली आहे : 'बाप आणि मुलं यांची ही बहुपेडी कथा. घाट मोठा घातला आहे आणि अभिनयाचा संच उत्तम जमला आहे, यात दुमत नसावं. शेवटाबद्दल मात्र प्रेक्षकांत पहिल्यापासून दोन तट आहेत. महत्वाकांक्षेबद्दल दिग्दर्शकाला दाद देऊन...'

घोडबंदर रोड, ठाणे

'दुमत नसावं'पर्यंत छान. 'महत्त्वाकांक्षा'मध्ये दोन त : महत् अधिक त्व. पण दुसरा त लिहिण्यापेक्षा ते अख्खं वाक्यच काढा. 'घाट मोठा घातला' यात ते सांगून झालं आहे.