टोमॅटोला खत सोडताना सेन्सरवरचा एनपीके आकडा धरायचा का?

वाफसा

आमच्या शेतकरी गटात सेन्सर घ्यायचं जवळजवळ ठरलंय. स्टीलच्या सुया मातीत खुपसायच्या, की मोबाइलवर ओलावा, तापमान, ईसी (विद्युत वाहकता), सामू (पीएच) आणि एनपीके, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, असं सगळं दिसतं. परवा एकाने ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, ‘पालाश कमी दाखवतंय, ००:००:५० सोडू का?’ (खताच्या नावातले तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के; हे नुसतं पालाशचं खत.) लगेच तिघाचौघांनी ‘सोडा’ म्हणून सांगून टाकलं. कोणी विचारलं नाही की पीक किती दिवसांचं आहे, पाणी कधी दिलं, विहिरीचं पाणी कसं आहे.

या आकड्यावर खत सोडायला माझा विरोध आहे. गटाच्या पैशातून एनपीकेसाठी असा सेन्सर घ्यायलाही.

काही हजारांत मिळणारे बहुतेक सेन्सर नत्र, स्फुरद, पालाश वेगवेगळे मोजतच नाहीत. मातीतून वीज किती सहज वाहते एवढंच ते मोजतात, म्हणजे ईसी. मातीत विरघळलेले क्षार जास्त, तेवढा तो जास्त, मग ते क्षार खताचे असोत की मिठाचे. मग आत भरलेल्या गुणकाने त्या एकाच ईसीचे तीन आकडे करून दाखवतात. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी घरी करून बघा. तीन कुंड्यांत एकाच रानातली माती भरा. पहिलीत साधं पाणी, दुसरीत तेवढ्याच पाण्यात चमचाभर युरिया, तिसरीत चमचाभर मीठ. लगेच सेन्सर लावा. युरियात ४६ टक्के नत्र, पण पाण्यात विरघळल्यावर त्याचे आयन (वीज वाहून नेणारे भारित कण) होत नाहीत, त्यामुळे ईसी जवळपास हलत नाही आणि सेन्सरला ते नत्र दिसतच नाही. युरियाचं अमोनियम व्हायला जमिनीत काही दिवस जातात. मिठाच्या कुंडीत मात्र नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही उड्या मारतात. मिठात यातलं काय आहे?

ठिबकवाला

ताई, प्रयोग पटला. निष्कर्ष पटत नाही.

माझं टोमॅटो नारायणगाव पट्ट्यात आहे. सेन्सर नसताना आम्ही काय करत होतो? कृषी सेवा केंद्रातून छापील शेड्यूल यायचं. लागवडीनंतर १९:१९:१९, मग १२:६१:००, फुलोऱ्याला ००:५२:३४, फुगवणीला १३:००:४५ आणि ००:००:५०. जमीन काळी असो की मुरमाड, सगळ्यांना तोच कागद. त्याला कुठे मोजमाप होतं? सेन्सर लावल्यापासून मी दोन सोडण्यांतलं अंतर वाढवलं, कारण दिसत होतं की आधीचंच अजून खाली पडून आहे. खताचा खर्च कमी झाला आणि माल तसाच निघाला.

माती परीक्षणाचं म्हणाल तर टोमॅटो चार-साडेचार महिन्यांचं पीक. लागवडीआधीचा अहवाल नत्राबाबत एका मोठ्या पावसात शिळा होतो, नायट्रेटच्या रूपातलं नत्र सरळ खाली वाहून जातं. मृद आरोग्य पत्रिकेत बागायतीला अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घेतात, त्यात माझा प्लॉट आला की शेजाऱ्याचा, कोण सांगणार? मला आकडा अगदी खरा नको. रोजचा चढ-उतार कळला तरी पुरे.

वाफसा

दादा, शेड्यूलबद्दल बोललात ते शंभर टक्के खरं. खत कमी केलंत तेही योग्यच. पण तुम्हाला ते कशाने कळलं? ईसी खाली येत नव्हता म्हणून. म्हणजे उपयोग ईसीचा झाला. मग ईसीच बघा ना, त्याला नत्र-पालाश का म्हणायचं?

चढ-उताराचंही ऐका. कोरड्या मातीत वीज कमी वाहते, ओलीत जास्त. ठिबक बंद झाल्या झाल्या बघितलं तर आकडा वर, दोन दिवसांनी खाली. पिकाने खाल्लं म्हणून तो खाली गेलेला नसतो. तापमानाचं वेगळंच. एका अंशाला ईसी साधारण २ टक्के वाढतो. मल्चिंग पेपरखाली दुपारी बेड किती तापतो ते हात घालून बघा. काही सेन्सर तापमानाची दुरुस्ती आतच करतात, काही करत नाहीत. सकाळी आणि दुपारी वेगळा आकडा येण्याला एवढंच पुरतं.

आणि जागा. ड्रिपरच्या खाली क्षार धुऊन निघतात, ओल जिथे संपते त्या कडेला साठतात. सुया वीतभर सरकवल्या की पिकाची गरज बदलल्यासारखी दिसते.

माती_पाणी

मी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून दोन गोष्टी घालतो.

अहवाल किलो प्रति हेक्टरमध्ये असतो, सेन्सर मिलिग्रॅम प्रति किलोत दाखवतो. १५ सेंमी थरासाठी २.२४ ने गुणावं लागतं. सेन्सरवर ६० दिसतंय आणि अहवालात १३४ आहे, म्हणजे दोन्ही सारखंच. अनेक शेतकरी हे न करता ‘लॅब जास्त दाखवते’ म्हणून भांडतात.

दुसरं, स्फुरद. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू ८ च्या वर असतो. तिथे दिलेला स्फुरद कॅल्शियमबरोबर बांधला जातो. जमिनीत असतो, पण मुळांना मिळत नाही. मिळण्याजोगा किती हे काढायला आम्ही ८.५ सामूचं सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण वापरतो, ओल्सेन पद्धत. मातीत सुई खुपसून हे कळेल असं मला शास्त्रात कुठे दिसत नाही. बोअरचं पाणी खारट असेल तर विचारायलाच नको, सोडियम-क्लोराइड वाढलं की सेन्सर म्हणणार जमीन सुपीक झाली.

ठिबकवाला

साहेब, तुमचं शास्त्र बरोबर, पण नमुना देऊन अहवाल हातात येईपर्यंत माझा पहिला तोडा होतो. मधल्या काळात मी काय बघायचं? ‘प्रयोगशाळेत या’ म्हणणं सोपं आहे. पिकाला आज काय हवं ते आज कळलं पाहिजे.

हरितगृह

मी नेदरलँड्समध्ये वेस्टलँड भागात काचेच्या हरितगृहात काम करते. इथे टोमॅटो मातीत नाही, रॉकवूलच्या, म्हणजे दगड वितळवून केलेल्या लोकरीच्या पट्ट्यांवर. पाणी, ईसी, सामू चोवीस तास सेन्सरवर चालतात, आणि झाडाखालून निचरा होणाऱ्या पाण्याचा ईसीही. पण नायट्रेट, पोटॅशियम, कॅल्शियम वेगवेगळं बघायला निचऱ्याचा नमुना आठवड्या-पंधरवड्याने लॅबला जातोच. प्रत्येक आयन वेगळा मोजणारे इलेक्ट्रोड आहेत, पण त्यांचं रीडिंग सरकत जातं, पुन्हा पुन्हा प्रमाण द्रावणाने जुळवावे लागतात. मातीत महिनोन्महिने पुरून ठेवायच्या स्वस्त सुईकडून मी तरी ही अपेक्षा ठेवणार नाही.

पण ठिबकवाल्या दादांचंही एक खरं आहे. इथे कोणी सेन्सरशिवाय शेती करत नाही. फक्त सेन्सरला तो ज्यात पक्का आहे तेवढंच विचारतात.

वाफसा

ताई, हेच मला गटापुढे मांडायचंय.

दादा, आज काय हवं ते आज कळण्यासाठी झाडाला विचारता येतं. नुकत्याच पूर्ण वाढलेल्या पानाचे देठ सकाळी गोळा करा, लसणाच्या चिमट्याने रस काढा आणि छोट्या नायट्रेट मीटरवर थेंब टाका. तो मीटर खरोखर नायट्रेट मोजतो, आणि त्याच्या प्रमाण द्रावणाने तो आपण बांधावर तपासू शकतो. महाग आहे, पण गटाला एक पुरतो. पालाशसाठीही तसाच वेगळा मीटर येतो.

आणि ओलाव्याचा सेन्सर किंवा टेन्शियोमीटर (मातीतून पाणी ओढायला मुळांना किती जोर लागतो ते दाखवणारं साधन) मात्र घ्याच. फळाचं बूड काळं पडलं की आपण कॅल्शियम नायट्रेटच्या पिशव्या ओततो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमची वाण नसते. पाण्याची ओढाताण झाली, की ते फळापर्यंत पोचत नाही. तिथे ओलाव्याचा आकडा खताच्या आकड्याहून जास्त पैसे वाचवतो.

ठिबकवाला

कुंड्यांचा प्रयोग या रविवारी गटातल्या सगळ्यांसमोर करू, सेन्सर माझाच आणतो. मीठ घातल्यावर पालाश वाढला तर ००:००:५० चा निर्णय त्यावर घेणार नाही, हे लिहून देतो. पण ईसी बघून अंतर वाढवायची माझी पद्धत मी सोडणार नाही, आणि ती बाकीच्यांनीही करावी हे तिथे सांगणार.

वाफसा

सांगाच. फक्त रोज एकाच वेळी, पाणी दिल्यावर तेवढ्याच तासांनी आणि त्याच ड्रिपरपासून तेवढ्याच अंतरावर बघायचं, हे त्यात जोडा. येताना बोअरच्या पाण्याची बाटलीही आणा, आधी तिचा ईसी बघू.