प्रतिसाद : १३ फुटी माजघर आणि ६ फुटी रोल

गुहागरच्या माजघरात कार्पेट घालायला किती फूट लागेल, असं तुम्ही विचारलंय. खोलीचं माप १३ बाय १४ दिलंय, म्हणजे १८२ चौरस फूट. दुकानदार २६१ चौरस फुटांचे पैसे सांगतोय म्हणून तुम्हाला शंका आली. वर एकांनी "लांबी गुणिले रुंदी, अधिक दहा टक्के" असं लिहिलंय, ते इथे लागू पडत नाही. कार्पेट रोलच्या पन्ह्यात (ठरलेल्या रुंदीत) विकतात. ६ फुटी पन्ह्याचे दोन पट्टे जोडले की १२ फूट होतात. उरलेल्या एका फुटासाठी तो साडेचौदा फुटांचा (१४ अधिक कापणीसाठी अर्धा) तिसरा अख्खा पट्टा धरतोय. फसवत नाहीये, पण तुमचे पैसे वाचवतही नाहीये.

त्याला सांगा, दोन पट्टे पूर्ण आणि वर त्याच रोलचा फक्त ५ फूट लांब तुकडा दे. तो उभा चिरून दीड-दीड फुटांच्या तीन पट्ट्या भिंतीलगत एकापुढे एक लावायच्या. लव (कार्पेटचे केस) एकाच दिशेला राहते, सांधे कपाटाखाली जातात. एकूण २०४ चौरस फूट. दर चौरस फुटाला ६० रुपये धरला तर ३,४२० रुपये वाचतात. अंडरले (कार्पेटखालचा मऊ थर), मजुरी, जीएसटी वेगळं लिहून घ्या.

आणि कृपा करून पावसाळ्याच्या तोंडावर घालू नका. जुना कोबा ओल ओढतो. आधी कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवा. खाली दव धरलं तर कार्पेट अजिबात चिकटवू नका, सुटंच अंथरा, म्हणजे उचलून उन्हात टाकता येईल.