मदत हवी आहे: बेरीज येते, वजाबाकीही येते, पण दोन्हींचं नातं कळत नाही (इयत्ता दुसरी)

नमस्कार मंडळी,

लेक दुसरीत आहे. बेरीज-वजाबाकी दोन्ही बरोबर सोडवते, पण तिच्या लेखी त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. काल वहीत 8 + 5 = 13 लिहिलं आणि लगेच खाली 13 − 8 आलं. तिने तेरा रेघा ओढल्या, आठ खोडल्या, उरलेल्या बोट ठेवून मोजल्या. वरच्याच ओळीत उत्तर आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

8 + □ = 13 दिलं की चौकटीत 21 लिहिते. शिकवणीत 'अजून, एकूण म्हणजे बेरीज. उरले म्हणजे वजाबाकी' असं पाठ करून घेतलंय. त्यामुळे "8 पेन्सिली आहेत, 13 व्हायला अजून किती हव्यात?" यातही 'अजून' दिसला की बेरीज! मला ही युक्ती घातक वाटते. मूल उदाहरण वाचतच नाही, नुसता शब्द शोधतं.

पण 13 चिंचोक्यांपैकी 8 बाहेर ठेवून बाकीचे वाटीखाली झाकले, तर "आत पाच" हे पटकन सांगते. म्हणजे समज आहे. ती कागदावर कशी आणायची? हातच्याची नि उसन्याची गणितं सुरू होण्याआधी हे पक्कं व्हावं असं फार वाटतं. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, चिंचोके इतक्यात आवरू नका. वाटी उचला आणि तेच चिंचोके समोर ठेवून तिला चारही लिहू द्या: 8 + 5 = 13, 5 + 8 = 13, 13 − 8 = 5, 13 − 5 = 8. एकही चिंचोका बदलायचा नाही.

21 येण्यामागे = हे चिन्हही असतं. बरीच मुलं त्याचा अर्थ 'आता उत्तर लिही' असा घेतात. म्हणून 13 = 8 + 5 असंही लिहा आणि वाचताना 'दोन्हीकडे सारखं' म्हणा. "हे चुकीचं लिहिलंय" म्हणून भांडेल, भांडू द्या.

शाब्दिक उदाहरणात बेरीज की वजाबाकी हे आधी विचारूच नका. "सगळे मिळून किती ते शोधायचंय, की त्यातला एक भाग?" एवढंच विचारा. आणि दुकानात 38 रुपयांच्या सामानाला 50 ची नोट दिलीत, की परत आलेले पैसे तिच्याकडून मोजून घ्या: 38 ला 2 मिळवले की 40, वर 10 की 50. वजाबाकी पुढे मोजूनही होते, हे तिला तिथे स्वतःच करून कळेल.