युनिव्हर्सिटीत शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम ठेवला की पोरं मधूनच उठून जातात, काय करावं?

निषाद_लागेना

मंडळी, युनिव्हर्सिटीच्या सांस्कृतिक समितीत माझं हे दुसरं वर्ष आणि शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम परत माझ्याच गळ्यात पडलाय. पडलाय म्हणजे हात मीच वर केला होता, पण गेल्या वर्षीचं आठवलं की पोटात गोळा येतो.

झालं काय, तर आम्ही आठशे खुर्च्यांचं ऑडिटोरियम घेतलं, वेळ साडेपाचची दिली. गायिका बाई पाचलाच हजर, पुरिया, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळचा राग, गायचा म्हणून ग्रीनरूममध्ये दोन्ही तंबोऱ्यांची पहिली तार निषादावर (नी) लावून बसलेल्या. मग दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचं भाषण, मग दुसऱ्या पाहुण्यांचं 'मी जास्त वेळ घेणार नाही' असं सुरू झालेलं भाषण, आणि बाई स्टेजवर बसल्या तेव्हा सव्वासात! पुरियाची वेळ कधीच टळून गेलेली. एक शब्द न बोलता त्यांनी स्टेजवरच निषाद उतरवून पंचम (प) लावायला घेतला, यमन राग गायला. दहा मिनिटं नुसतं टुंग टुंग. माझ्या मागच्या रांगेतून आवाज आला, 'मशीन बिघडलं वाटतं.' तोवर हजेरीचा कागद फिरून झाला होता, सह्या करून लोक निघाले. विलंबित, म्हणजे सुरुवातीचा संथ भाग, संपता संपता मी डोकी मोजली, साठ भरली. त्यात समितीचे आम्ही बारा.

आता समितीत दोन गट पडलेत. एक म्हणतो फ्यूजन बँड आणा, दुसरा म्हणतो हजेरी शेवटी घ्या म्हणजे कोणी उठणार नाही. मला दोन्ही पटत नाहीये पण तिसरं काही सुचतही नाहीये. कोणी असे कार्यक्रम केलेत का, खरंच पोरं येतात का?

जुनी_सतरंजी

अरे साठ लोक बसले होते ना शेवटपर्यंत, मग रडतोस कशाला! आठशेच्या हॉलमध्ये साठ माणसं म्हणजे पडलेला कार्यक्रम, आणि तेच साठ जण सत्तर माणसांच्या खोलीत बसले की भरलेली मैफल. हॉल आधी सोड. एखादी मोठी वर्गखोली नाहीतर लायब्ररीचा वाचनकक्ष माग, बाक बाहेर काढ, सतरंज्या टाक, कलाकारांना वीतभर उंचीचा प्लॅटफॉर्म पुरतो. पहिल्या रांगेतल्या पोराला तंबोऱ्याच्या घोडीवरचा दोरा दिसला पाहिजे, इतकं जवळ.

मी कॉलेजात असताना चार वर्षं स्पिक मॅकेचं, म्हणजे विद्यार्थ्यांपर्यंत शास्त्रीय संगीत नेणाऱ्या संस्थेचं, काम केलं. तुला माहीत असेलच, आयआयटी दिल्लीच्या किरण सेठ सरांनी १९७७ साली ते सुरू केलं. स्वतः सर इंजिनिअरिंगवाले, कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना न्यूयॉर्कमध्ये डागर घराण्यातल्या गायकांचं ध्रुपद (जुन्या वळणाची गायकी) ऐकलं आणि ते डोक्यात बसलं. म्हणजे हे सगळं एका विद्यार्थ्याला एका संध्याकाळी काहीतरी लागलं त्यातून उभं राहिलंय, हजेरीच्या कागदातून नाही. हजेरी घेऊच नकोस, आधी नको, शेवटी तर अजिबात नको. कोंडून ठेवलेला श्रोता दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतो आणि गाणाऱ्याला ते स्टेजवरून दिसतं रे.

आणि सत्कार वगैरे जे काय आहे ते गाणं झाल्यावर. पाहुणे चिडतील, चिडू देत.

अजून एक. तंबोरे लावताना जे टुंग टुंग झालं ना, ते लपवायचं कशाला? दार तेव्हाच उघड, लोकांना आत घे, आणि बाईंनाच विनंती कर की दोन मिनिटं सांगा काय चाललंय. पुरियात पंचम नाही म्हणून तार निषादावर लावतात, यमनात पंचम आहे म्हणून पंचमावर, मालकंस असेल तर मध्यमावर, एवढं कळलं तरी 'मशीन बिघडलं' म्हणणारा कान देऊन ऐकायला लागतो. आमच्याकडे एका गायकांनी विलंबित एकतालाच्या बारा मात्रा सगळ्यांकडून हातावर मोजून घेतल्या होत्या, एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांचा एक फेरा, जवळजवळ पाऊण मिनिटाचं. पहिल्यांदा अर्धे लोक नवव्या मात्रेलाच समेवर (पुढच्या फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर) पोचले, जाम हसले सगळे. पण पुढे तासभर प्रत्येक समेला माना हलत होत्या. एवढंच निवेदन बास, रागाचे थाट-वादी-संवादी असलं व्याकरण कोणी वाचून दाखवायला लागला तर माइक काढून घे.

दायां_बायां

तबलजी आहे, माझं दुखणं सांगतो. वर सतरंजीताईंनी खोलीचं सांगितलं ते शंभर टक्के, पण आवाजाचं कोणी बोलत नाही. युनिव्हर्सिटीचे साउंडवाले गॅदरिंगच्या हिशोबानं येतात, सगळ्यावर एको मारतात, डग्गा असा घुमवतात की बोल गेले ढगात. सत्तर माणसांच्या खोलीत तबल्याला माइकची खरं तर फार गरजच नसते. गळ्याला एक, तंबोऱ्याला एक हलकासा, पेटीला वाटलं तर. आणि कलाकारांकडे तोंड करून एक मॉनिटर ठेवाच, स्वतःचा सूर ऐकू आला नाही की गाणारा ओरडायला लागतो, मग लोक म्हणतात शास्त्रीय म्हणजे आरडाओरडा.

गायकाची पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला 'सा' धरून गाणार ते, आठवडाभर आधी विचारा. बायकांची काळी चार किंवा काळी पाच आणि तबलजी आलाय काळी एकचा तबला घेऊन, हे मी स्वतः भोगलंय, पट्टी फोनवर ऐकली होती आणि चुकीची ऐकली होती. हातोडीनं गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून ठोकून तबला किती उतरवणार, पुडी (वरचं चामडं) ढिली पडते.

आणि एसी. कार्यक्रमाच्या निदान तासभर आधी जो काय तो लावा आणि मग हात लावू नका. एसीच्या कोरड्या हवेत तबल्याचा सूर चढतो, दिव्यांच्या उष्णतेनं तंबोऱ्याच्या तारा उतरतात, म्हणजे दोघं दोन दिशांना. मध्येच कोणाला तरी उकडतं, तो एसी वाढवतो आणि आमची वाट लागते.

अर्धवट_फिजिक्स

मी त्या उठून जाणाऱ्यांपैकी आहे म्हणून लिहितोय. राग वगैरे नव्हता कोणावर, फक्त कळत नव्हतं की नक्की काय ऐकायचं, आणि पहिली वीस मिनिटं काहीच 'होत' नाही असं वाटायचं.

माझं कसं बदललं तर आमच्या डिपार्टमेंटच्या खगोल क्लबमध्ये व्हॉयेजरवर सेशन होतं. १९७७ मध्ये जी दोन यानं सोडली त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, आणि त्यात जगभरच्या संगीतात गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. सीनियरनी ती लावली. व्हॉयेजर वन २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं आणि हा आवाज त्याच्यावर बसून चाललाय, हे ऐकताना डोक्यात होतं म्हणून असेल, पण मी रूमवर जाऊन ती अकरा वेळा ऐकली. अकराव्या वेळी पाठ झाली होती. तिथून मग लांब गाणं ऐकावंसं वाटलं.

तर माझं म्हणणं, मैफलीच्या आधी महिनाभर रेकॉर्डिंग ऐकायचा कट्टा करा. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या तीनेक मिनिटांच्याच असतात, आमच्यासारख्यांना झेपतात. १९०२ च्या रेकॉर्डिंगमध्ये गायिका गौहर जान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते ते ऐकवलं तर पोरं आपोआप विचारतात की का सांगते.

मध्यलय

सगळं छान, पण सतरंजी आणि सत्तर माणसं करता करता ते जाणकारांचं कोंडाळं होऊ नये एवढं बघा. दाराशी पहिल्या दहा मिनिटांत पुढच्या रांगा 'आमच्या' लोकांनी अडवल्या की नवा पोरगा मागे भिंतीला टेकतो आणि फोन काढतो. पुढची जागा पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी ठेवा, आपण बसू मागे.

दुसरं, सगळे संध्याकाळचेच का? दर वर्षी यमन, पूरिया धनाश्री, बिहाग, झालंच तर बागेश्री. युनिव्हर्सिटीत पाच वर्षं काढलेल्या पोरानं सकाळची तोडी समोर बसून ऐकलेलीच नसते, दुपारचे सारंग तर विसराच. रविवारी सकाळी सातला ठेवून बघा. कमी येतील पण सह्या करायला कोणी येणार नाही. रात्रभराचा विचार असेल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, बंद सभागृहात आतल्यापुरता चालतो, मोकळ्या मैदानात सणा-उत्सवाला वर्षातले मोजके दिवस सरकार सवलत देतं, तीही रात्री १२ पर्यंतच.

@अर्धवट_फिजिक्स अकरा वेळा? भले शाब्बास.

निषाद_लागेना

एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, थँक्यू. आज समितीत सतरंजीचं बोललो तर सरळ विचारलं गेलं की मग फोटो कसे येतील, आठशेच्या हॉलचे फोटो चांगले येतात म्हणे. त्यावर मी गेल्या वर्षीचा एक फोटो काढून दाखवला, रिकाम्या खुर्च्यांचा. गप्प बसले.

लायब्ररीवाल्या मॅडम वाचनकक्ष द्यायला तयार आहेत, रविवार सकाळ, साडेसहाला दार उघडायचं, तंबोरे लागत असतानाच. बाईंना फोन केला. गेल्या वर्षीबद्दल अवाक्षर काढलं नाही त्यांनी, फक्त विचारलं, 'भाषण आहे का?' नाही म्हटलं. मग म्हणाल्या, तोडी गाईन.

@दायां_बायां दादा, पट्टी काळी चार, त्यांच्याकडून मेसेजवर लिहून घेतली. वाचनकक्षातला एसी मात्र रिमोटनं बंद होत नाही, बटण वॉचमनच्या खोलीत आहे आणि रविवारी तो आठला येतो. तबला चढला तर किती चढेल साधारण?