तिसऱ्या राउंडला पैसे का उरत नाहीत

सात रस्त्याच्या टीमनं विचारलंय, व्हॅलोरंट या शूटिंग गेममध्ये पिस्तूल राउंड, म्हणजे पहिलं राउंड, हरलं की तिसऱ्यातही रायफल का परवडत नाही? दुसऱ्यात उधळता म्हणून. प्रत्येक किलचे (समोरच्याला मारल्याचे) 200 सोडून हिशोब करा. सुरुवातीचे 800 संपवून पहिला हरलात, हरल्याचे 1900 मिळाले. ते न मोडता दुसराही हरलात की वर 2400, झाले 4300. व्हँडल रायफल 2900, हेवी शील्ड (चिलखत) 1000, उरलेल्या 400 मध्ये अ‍ॅबिलिटी (खास शक्ती). दुसऱ्यातच 1600 ची स्पेक्टर (छोटी मशीनगन) घेतली तर हातात 2700. व्हँडल गेली! एकट्यानंच "घेतो बे, काय होतंय" केलं तर आणखी वाईट. तिसऱ्यात बाकी चौघांकडे खरेदीनंतर 400 च शिल्लक, त्याला बंदूक कोण घेऊन देणार? अटॅकला असाल तर मरण्याआधी स्पाइक (बॉम्ब) तेवढा लावा, प्रत्येकाला 300 जास्त मिळतात.