मदत हवी आहे : आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील असून राज्यशास्त्रात बी.ए. केले आहे. केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये शून्यावरून 20 टक्के केले आणि मे 2025 मध्ये ते 10 टक्क्यांवर आणले. तेव्हापासून आडतीवर वडिलांच्या सोयाबीनची पट्टी (विक्रीचा भाव लिहिलेली पावती) हातात घेताना त्या भावामागे इंडोनेशियाचे पामतेल, अर्जेंटिनाचे सोयातेल आणि दिल्लीतील निर्णय यांचा वाटा किती, हा प्रश्न मनातून जात नाही. मला हेच शिकायचे आहे.

ब्रिटनमधील लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व वॉरिक विद्यापीठ येथे या विषयाचे स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, पण खर्च मोठा आहे. बी.ए.ला संख्याशास्त्र नसलेल्या विद्यार्थ्याने आधी कोणती तयारी करावी, की प्रथम भारतातच अर्थशास्त्रात एम.ए. करणे योग्य ठरेल? अर्जासोबतच्या निवेदनात सोयाबीनचा हा अनुभव लिहावा का? या विषयात शिकलेल्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.